परदेशाचा रस्ता : आधी पैशाची दिशा बघा

(बदनापूर इथे कृषी पदवीचे विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

विषय विद्यार्थ्यांचा आहे, पण आज मला पालकांशी जास्त बोलायचं आहे. कारण जायचं पोराला असतं आणि पैसा उभा करायचा असतो बापाला.

मघाशी चहा घेताना एक काका माझ्याजवळ आले. नाव सांगत नाही. म्हणाले, "सर, पोराचा डिप्लोमा झालाय. एक एजंट म्हणतो, युरोपात द्राक्षाच्या मळ्यात काम आहे. साडेचार लाख मागतो, निम्मे आधी. एक एकर विकावं का?" मी त्यांना म्हटलं, काका, उत्तर देतो, पण चहाच्या कपात मावणार नाही. भाषण ऐका. शेवटी तुम्हीच मला उत्तर सांगाल.

आज एकच गोष्ट सांगणार आहे. परदेशातली कुठलीही संधी समोर आली, की पहिल्यांदा देशाचं नाव बघू नका, पगाराचा आकडा बघू नका. पैसा कोणाकडून कोणाकडे जातोय, ते बघा. शिष्यवृत्ती असेल तर पैसा तुमच्याकडे यायला पाहिजे. शिक्षण असेल तर पैसा थेट विद्यापीठाकडे जायला पाहिजे, किंवा तुमच्याच नावावर राहायला पाहिजे. नोकरी असेल तर पैसा मालकाकडून तुमच्याकडे यायला पाहिजे. यापेक्षा वेगळ्या दिशेला मोठा पैसा जात असेल, तर तिथे थांबायचं आणि कागद मागायचा. बाकी सगळं या एका गोष्टीचाच विस्तार आहे.

पहिला दरवाजा : शिष्यवृत्ती

आपण ज्या मराठवाड्यात बसलो आहोत, तिथे एक गोष्ट प्रत्येकाला माहीत आहे. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, मिलिंद महाविद्यालय सुरू केलं. पण ते स्वतः परदेशात कसे गेले, त्यातला हिशोब आपण वाचत नाही. तो आज वाचू.

शाळेत असताना केळुस्कर गुरुजींनी हा मुलगा हेरला. पुढे त्यांनीच बडोद्याच्या सयाजीराव महाराजांपर्यंत त्याची माहिती पोहोचवली आणि कॉलेजच्या शिक्षणाला मदत मिळाली. मग १९१३ साली अमेरिकेत शिकायला महाराजांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तीन वर्षांसाठी. बदल्यात करार झाला : शिकून आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून १९१५ ला एम. ए. झालं. १९१६ ला ते लंडनला गेले. आणि १९१७ ला शिष्यवृत्तीची मुदत संपली, म्हणून लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परत यावं लागलं. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्राने कर्ज दिलं, आणि १९२० ला ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ ला डी. एस्सी. पूर्ण झाली.

यातून आजच्या विद्यार्थ्याने तीन गोष्टी घ्यायच्या. एक, संधीची बातमी कुणीतरी सांगावी लागते. केळुस्कर गुरुजींसारखा माणूस शोधा, नाहीतर स्वतः दुसऱ्यासाठी तसे व्हा. दोन, करार वाचून सही करा. शिष्यवृत्तीला अट असते. तीन, अभ्यासक्रमाची मुदत आणि पैशाची मुदत जुळते का ते बघा. कोर्स दोन वर्षांचा आणि पैसा एकाच वर्षाचा असेल, तर दुसऱ्या वर्षाचं उत्तर जायच्या आधी हातात पाहिजे. बाबासाहेबांसारख्या माणसालाही अर्ध्यातून परतावं लागलं होतं, हे लक्षात ठेवा.

आज महाराजांच्या जागी सरकारी खाती आहेत, आणि बहुतेक विद्यार्थ्यांना आपलं खातं कोणतं हेच माहीत नसतं. लिहून घ्या. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी समाजकल्याण आयुक्तालयाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी आदिवासी विकास विभाग. ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी इतर मागास बहुजन कल्याण विभाग. मराठा, कुणबी विद्यार्थ्यांसाठी पुण्याची सारथी संस्था. खुल्या प्रवर्गासाठी तंत्रशिक्षण संचालनालय. अल्पसंख्याक विभागानेही अशी योजना सुरू केली आहे. याशिवाय केंद्र सरकारची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती आहे. तिच्या १२५ जागा असतात. त्यात ११५ अनुसूचित जातींसाठी, ६ भटक्या-विमुक्तांसाठी आणि ४ भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागिरांच्या मुलांसाठी. पदवीला किमान ६० टक्के, वय ३५ च्या आत, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत. शिक्षण फी तर मिळतेच, पण अमेरिकेसाठी वर्षाला १५,४०० डॉलर आणि ब्रिटनसाठी ९,९०० पौंड राहण्या-खाण्याला मिळतात. शिवाय विमानाचं भाडं आणि विमा.

आता इथे आपली मुलं कुठे चुकतात? त्यांना वाटतं, आधी शिष्यवृत्ती मिळेल आणि मग विद्यापीठ शोधू. उलटं आहे. या योजनांना विद्यापीठाचं प्रवेशपत्र आधी लागतं, आणि राज्याच्या योजनांना ते विनाअट लागतं. विद्यापीठही जागतिक क्रमवारीत ठरावीक क्रमांकाच्या आतलं असावं लागतं. तो क्रमांक आणि जागांची संख्या मधूनमधून बदलते, म्हणून दरवर्षीची जाहिरात स्वतः वाचायची. मित्राने सांगितलेला नियम गेल्या वर्षीचा असतो.

दुसरा दरवाजा : शेतीचा अभ्यास आणि एक पत्र

तुरीच्या बियाण्याच्या पिशवीवर 'बीडीएन ७११' छापलेलं तुम्ही पाहिलं आहे. बीडीएन म्हणजे बदनापूर. आपल्या इथल्या कृषी संशोधन केंद्रातलं ते वाण. शेतकरी ते मागून घेतो. पण इथलाच विद्यार्थी परदेशी प्राध्यापकाला ईमेल लिहायला बसला, की लिहितो, "आदरणीय सर, मी एक मेहनती आणि होतकरू विद्यार्थी आहे." असे ईमेल त्या प्राध्यापकाला रोज येतात. तो उघडतही नाही.

लिहायचं काय? तुमच्या शेतात तुरीला मर कधी येतो, वांझ रोग कसा पसरतो, शेंगा पोखरणाऱ्या अळीने किती नुकसान केलं, कोणत्या वाणाने पावसाचा खंड सोसला, हे तुम्ही डोळ्यांनी बघितलेलं आहे. त्या प्राध्यापकाचा एक शोधनिबंध वाचा. त्यातला एक प्रश्न आणि तुमच्या शेतातली एक नोंद, एवढं जोडा. दहा ओळी. सोबत एक पानाचा बायोडाटा. पन्नास जणांना तेच पत्र पाठवू नका. दहा जणांना दहा वेगळी पाठवा. आठ जण उत्तर देणार नाहीत. चालतं.

पत्राने काय होतं, ते महाराष्ट्राला सांगायची गरज पडू नये. आनंदीबाई जोशींचं शिक्षण अमेरिकेत व्हावं म्हणून गोपाळरावांनी १८८० च्या सुमारास एका मिशनऱ्याला पत्र लिहिलं. ते तिकडच्या मासिकात छापून आलं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंच्या ते वाचनात आलं आणि त्यांनी ओळखदेख नसताना आनंदीबाईंना पत्र लिहिलं. दोघींचा पत्रव्यवहार चालू राहिला, आणि १८८३ ला आनंदीबाई अठराव्या वर्षी बोटीत बसल्या. तिथे पोचल्यावर फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला त्यांनी स्वतः अर्जाचं पत्र लिहिलं. १८८६ ला त्या डॉक्टर झाल्या. त्यांच्याजवळ एजंट नव्हता. पत्र होतं, आणि आपल्याला कशासाठी शिकायचं आहे हे स्पष्ट सांगता येत होतं.

शेतीच्या मुलांना आणखी एक नाव सांगतो. पांडुरंग खानखोजे, मूळचे वर्ध्याचे. क्रांतिकारक म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण अमेरिकेत त्यांनी शेतीचं शिक्षण घेतलं, आणि पुढे मेक्सिकोत चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी शाळेत शिकवलं. तिथे मक्यावर संशोधन केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा चालवल्या. शेतीचं ज्ञान हे जगात कुठेही चालणारं नाणं आहे, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवलं.

आता आजचे मार्ग. तुमची बी. एस्सी. कृषी चार वर्षांची आहे. अमेरिकेतल्या विद्यापीठांना चार वर्षांची पदवी सहज समजते. तिथे शेतीच्या संशोधनातल्या एम. एस. आणि पीएच. डी.ला प्राध्यापकाच्या प्रकल्पातून असिस्टंटशिप मिळू शकते : फी माफ किंवा बरीच कमी, वर दरमहा मानधन. म्हणून तर ईमेल महत्त्वाचा. युरोपात इरॅस्मस मुंडस नावाची शिष्यवृत्ती आहे. दोन वर्षांची मास्टर्स, दोन-तीन देशांत मिळून शिकायची, फी नाही, वर महिन्याला १,४०० युरो. त्यात वनस्पती आरोग्य आणि वनस्पती पैदास याही विषयांचे अभ्यासक्रम आहेत. शेवटच्या वर्षाला असतानाच अर्ज करता येतो. बहुतेक अर्ज ऑक्टोबर ते जानेवारीत असतात, म्हणजे आपल्याकडे तुरीला फुलं लागण्यापासून ती काढून होईपर्यंत. तेवढं लक्षात ठेवा.

जर्मनीत सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिक्षण फी नाही. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात मात्र युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याला सत्राला १,५०० युरो आहेत. व्हिसासाठी वर्षभराचा खर्च, सध्या ११,९०४ युरो, एका बंद खात्यात आधी भरून दाखवावा लागतो. रक्कम मोठी आहे. पण बघा, दिशा कोणती आहे? ते खातं तुमच्या नावावर असतं आणि तिथे गेल्यावर दरमहा ९९२ युरो तुम्हालाच मिळतात. हे एजंटला दिलेल्या पैशासारखं नाही.

आणि "आमचा सल्ला फुकट आहे" असं म्हणणारी ऑफिसं. ती सगळी लबाड आहेत असं माझं म्हणणं नाही. पण फुकट कसं परवडतं, ते विचारा. अनेक परदेशी विद्यापीठं प्रवेशामागे त्यांना कमिशन देतात. त्यामुळे जे विद्यापीठ कमिशन देत नाही, त्याचं नाव तिथे निघणार नाही. इरॅस्मसचं नाव निघणार नाही. सरकारी जर्मन विद्यापीठाचं क्वचितच निघेल. तुम्हाला दाखवतात ती यादी तुमच्या सोयीची आहे का त्यांच्या, एवढं समजून घ्या.

तिसरा दरवाजा : नोकरी

इथे मी जरा सावकाश बोलणार आहे, कारण घरं इथे बुडतात.

माझा एक चुलतभाऊ. आखातात ड्रायव्हरची नोकरी सांगून त्याला एकाने नेलं. हातात व्हिसा होता, पण तो भेटीचा व्हिसा होता, कामाचा नव्हता. घरात कुणाला फरक कळला नाही. मीही तेव्हा शिकलेला, पण कागद मागून बघितला नाही. तिथे ड्रायव्हिंग नाहीच, गोदामात ओझी. चार महिन्यांत तो परत आला. कर्ज फेडायला सहा वर्षं लागली. त्या सहा वर्षांत त्याच्या बहिणीचं शिक्षण थांबलं. नुकसान त्याचं एकट्याचं झालं नाही.

म्हणून नियम माहीत करून घ्या. १९८३ चा उत्प्रवास कायदा आहे. परदेशात नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटाची परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी लागते. ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी असलेल्यांची यादी आहे. नोंदणी आहे का, ती चालू आहे का, दोन्ही बघता येतं. नोंदणीकृत एजंटाने उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी घ्यायचा, म्हणजे ३५,४०० रुपये, आणि पावती द्यायची. दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर उत्प्रवास तपासणीचा शेरा असतो. अशा माणसाला सौदी, यूएई, कतार, कुवेत, मलेशिया अशा १८ देशांत कामाला जायचं तर सरकारी मंजुरी लागते. त्याचा प्रवासी भारतीय विमा निघतो, दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, संरक्षण १० लाखांचं. काही जण ही मंजुरी चुकवायला भेटीच्या व्हिसावर पाठवतात. मंजुरी चुकवली की तुमचं संरक्षणही गेलं.

अलीकडे आणखी एक प्रकार आहे. थायलंडमध्ये कॉम्प्युटरची नोकरी सांगतात आणि तिथून म्यानमार, कंबोडियाकडे नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपतात. भारत सरकारने त्याबद्दल वेळोवेळी इशारे दिले आहेत. इंटरव्ह्यू फक्त व्हॉट्सॲपवर, अनुभव नको, भाषा नको, पगार लाखात, असं असेल तर समजून जा.

मग खऱ्या नोकऱ्या नाहीत का? आहेत. त्यांची खूण म्हणजे त्या आधी तुमच्याकडून काहीतरी शिकून मागतात. जपानने २०१९ पासून कुशल कामगारांसाठी वेगळा व्हिसा सुरू केला, आणि २०२१ च्या जानेवारीत भारताशी त्याचा करार झाला. त्यात शेती आहे, अन्नप्रक्रिया आहे, वृद्धांची सेवा आहे. कामाची परीक्षा द्यावी लागते आणि जपानी भाषेचीही. पहिल्या टप्प्यात पाच वर्षांपर्यंत राहता येतं. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेमबर्गशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. करार झाला म्हणजे नोकरी लागली असं नाही. जर्मन भाषा आली पाहिजे, आणि तिला वर्ष जातं. पण ते वर्ष तुमच्या डोक्यात जमा होतं. तिकडे गेला नाहीत तरी ते कुणी काढून घेत नाही.

कधी सुरुवात करायची?

जायच्या दीड वर्ष आधी. पहिलं काम पासपोर्ट. फी १,५०० रुपये. त्याच वेळी नाव तपासा. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव असतं. कुठे एक अक्षर वेगळं, कुठे आडनावाचं स्पेलिंग वेगळं. पासपोर्ट, आधार, मार्कशीट तिन्हीवर एकच नाव पाहिजे. ही दुरुस्ती व्हिसाच्या आठवड्यात होत नाही. दुसरं, परभणीच्या विद्यापीठाकडून ट्रान्स्क्रिप्ट मागवून ठेवा. तिसरं, इंग्रजीची परीक्षा. आयईएलटीएसचा निकाल दोन वर्षं चालतो, म्हणून फार आधी देऊ नका आणि शेवटच्या महिन्यावर ढकलू नका. चौथं, उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला तहसीलमधून वेळेत काढा. शिष्यवृत्ती गुणांवर मिळते, पण हुकते बऱ्याचदा दाखल्यावर.

काही प्रश्न

एका विद्यार्थिनीने विचारलं : "सर, माझे मार्क चांगले आहेत, पण घरचे म्हणतात एकटीला कुठे पाठवायचं. काय सांगू?"

ताई, भांडण करू नका, कागद दाखवा. नॅशनल ओव्हरसीजमध्ये ३० टक्के जागा मुलींसाठी ठेवलेल्या असतात, ते दाखवा. विद्यापीठाचं वसतिगृह कुठे आहे, तिथे कोणाला फोन करायचा, पैसा कुठून येणार, हे एका पानावर मराठीत लिहून वडिलांच्या हातात द्या. घरच्यांची भीती बहुतेक वेळा माहिती नसल्याची असते. तरीही नाही म्हणाले, तर तुमच्या प्राध्यापकबाईंना घरी बोलवा. आनंदीबाईंनाही जायच्या आधी लोकांना सगळं समजावून सांगावं लागलं होतं.

एका पालकाने विचारलं : "शिक्षणासाठी कर्ज काढावं का?"

काढावं, पण बँकेचं. सावकाराचं नाही, एजंटाच्या ओळखीचं तर नाहीच. बँक फी थेट विद्यापीठाला देते. पुन्हा तीच दिशा. मोठ्या रकमेला तारण लागतं, आणि बऱ्याच बँका शेतजमीन तारण म्हणून घेत नाहीत, हे आधी विचारून घ्या. कोर्स संपल्यावर नोकरी मिळाली नाही आणि परत आलो, तर इथल्या पगारात हप्ता भरता येईल का, हा हिशोब करा. येत असेल तर बिनधास्त जा.

आता ते चहाचे काका. (मागून आवाज : "आहे, सर.") बरं झालं, थांबलात. काका, तुम्ही त्या एजंटाचा नोंदणी क्रमांक विचारला का? "नाही." मळ्याच्या मालकाचा लेखी करार बघितला का? "नाही." तो साडेचार लाख मागतो, नियम काय सांगतो? "पस्तीस हजार चारशे." निम्मे आधी मागतो, पावती देतो म्हणाला का? "नाही."

मग एकर विकायचं का?

(काका म्हणाले, "आधी कागद मागतो.")

बस. हेच सांगायला मी आलो होतो. पोराला रागावू नका, त्याची जायची इच्छा चुकीची नाही. त्याला म्हणावं, तो एकर तुझ्यामागे उभा आहे. तू आधी भाषा शीक, कागद जमव, आणि सरळ दाराने जा.